दोन दिवसांत जुनं नाशिक: लेणी, गावठाण आणि पंचवटी पायी बघण्याचा बेत

नाशिकला येणारा पाहुणा बहुतेक वेळा रामकुंडावर रिक्षातून उतरतो. काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं दोन-तीन तासांत उरकतो आणि त्र्यंबकच्या गाडीत बसतो. देवदर्शन होतं, यात वाद नाही. पण शहर बघायचं राहून जातं. पंचवटी नदीच्या डाव्या काठावर आहे आणि मूळ गाव, म्हणजे आपलं गावठाण, उजव्या काठावर. रिक्षावाले बहुधा पूल ओलांडून गावठाणात शिरतच नाहीत. त्यामुळे नाशिकचा निम्मा इतिहास पाहुण्यांच्या वाट्याला येत नाही.

खालचा बेत दोन दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी सकाळी लेणी आणि दुपारनंतर गावठाण. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट आणि मग पंचवटी. हा क्रम मी मुद्दाम काळाप्रमाणे लावलाय. दोन हजार वर्षांपूर्वीचं आधी, पेशवाई नंतर, इंग्रजी अमदानी शेवटी. काळारामापर्यंत पोचताना मागची साखळी डोक्यात असली की तिथे बघण्यासारखं पुष्कळ सापडतं.

निघण्याआधी

रेल्वेने येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे, हे धरून चाला. स्टेशनवर उतरलं की गंगा समोर, अशा समजुतीने हॉटेल बुक करू नका. मुक्काम सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार किंवा पंचवटी यांपैकी कुठेतरी घ्या, म्हणजे गावठाण पायी अंतरात येतं. शहरात सिटीलिंकच्या बस आहेत आणि शेअर रिक्षाही मिळतात. रस्ता विचारताना ‘गोदावरीवर कसं जायचं’ असं विचारलंत तरी लोक सांगतील, पण इथे सगळे ‘गंगेवर’ म्हणतात.

हिवाळा सगळ्यात बरा. पावसाळ्यात नदी बघायला मजा येते, पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो आणि अर्धा बेत तिथेच बारगळतो. श्रावणी सोमवार, रामनवमी, दिवाळीच्या सुट्या या दिवसांत गर्दी धरूनच चाला. आणखी एक, 2026-27 हा सिंहस्थाचा काळ. घाटांवर, रस्त्यांवर कामं चालू असतात, तेव्हा अमुक पायऱ्यांनी उतरा असं मी सांगितलं तरी जाग्यावर जाऊन एकदा विचारा.

पायांत सहज काढता-घालता येतील अशा चपला घाला, कारण देवळं बरीच आहेत. लेण्यांसाठी पाण्याची बाटली आणि टॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड चालतो, पण शिलालेख वाचायला बाजूने तिरपा उजेड टाकावा लागतो आणि त्याला हातातला छोटा टॉर्च सोयीचा.

पहिल्या दिवशी सकाळी: पांडवलेणी

सकाळी लवकर पाथर्डी फाट्याच्या बाजूला जाणारी बस किंवा रिक्षा धरा. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही, ही बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली लेणी आहेत. सुमारे दोनशे पायऱ्या चढायच्या. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला असल्याने ऊन थेट आत येत नाही. उन्हाळ्यातही ओसरीत बसलं की गार वाटतं, आणि जागा निवडणाऱ्यांनी हे बघूनच निवडली असणार.

एकूण 24 लेणी. सगळी बघायच्या फंदात पडू नका. पाय दुखतात आणि शेवटी सगळी सारखीच वाटायला लागतात. मी पाहुण्यांना चारच नीट दाखवते: 18, 19, 10 आणि 3, याच क्रमाने.

18 नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह, प्रार्थनेची जागा. दर्शनी भागावरची घोड्याच्या नालेसारखी कमान आणि आत स्तूप. दारावरच्या कमानीशी एक छोटा लेख आहे. नाशिककरांपैकी धंबिक गावच्या लोकांनी हे दान दिलं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे या शहराचं नाव जवळजवळ जसंच्या तसं दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं आहे. शेजारचं 19 नंबरचं लेणं लहान आणि साधं, पण इथलं सर्वात जुनं. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, ते कोरवून घेतलं. लोक दारातूनच पुढे जातात. तुम्ही वाकून आत जा.

10 नंबरच्या लेण्यात मात्र अर्धा तास ठेवा. शकांचा क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं खोदवलं. ओसरीतल्या खांबांवर घंटेसारखे कळस आणि त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. पण खरा ऐवज भिंतीवर आहे. उषवदाताने 3000 कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे 2000, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे 1000, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची. आता हिशेब करून बघा: 2000 वर महिना 20, वर्षाचे 240, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजे बरोब्बर 240. दगडावर कोरलेली ही फिक्स डिपॉझिटची पावती आहे, आणि तिचा ताळा अजून जुळतो! गोवर्धन हे गाव आजही आहे, गंगापूरच्या बाजूला.

या लेखांची ब्राह्मी लिपी येत नसली तरी एक अक्षर लगेच ओळखू येतं. बेरजेच्या चिन्हासारखं दिसणारं अक्षर म्हणजे ‘क’. टॉर्च बाजूने धरा आणि मुलांना ‘क’ शोधायला लावा, पोरं तिथेच रमतात.

मग 3 नंबर. हे सातवाहनांचं उत्तर. नहपानाचं क्षहरात कुळ गौतमीपुत्र सातकर्णीने निपटून काढलं, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात लिहिलंय. हा लेख तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या, 19व्या राज्यवर्षातला आहे. मुलाच्या पश्चात आईने लिहवून घेतलेली ही प्रशस्ती आहे. ओसरीखाली तुळया खांद्यावर पेलणारे यक्ष आणि दाराभोवतीचं नक्षीकाम बघण्यासारखंच आहे, पण मला आवडतो तो दुसराच, थोडा कारकुनी मजकूर. गौतमीपुत्राने आपल्या 18व्या राज्यवर्षी भिक्खूंना शेत दिलं, जे आधी उषवदाताकडे होतं. सहा वर्षांनी पुन्हा हुकूम निघतो: ते शेत कसलं जात नाही, गाव ओसाड पडलंय, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतली शंभर निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) द्या. राजाच्या दानाचीही तामिली अशी तपासावी लागत होती.

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. 10 आणि 3 नंबरच्या लेण्यांतली लढाई त्या नाण्यांवरही दिसते.

उतरल्यावर पायथ्याशी बुद्धविहार आणि दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 30 एप्रिल 1870, आणि 1944 साली नाशिकमध्येच वारले. वेळ असेल तर जा, नाहीतर सरळ शहरात या आणि मिसळ खा. कुठली, हे मी सांगणार नाही. त्यावरून घराघरांत भांडणं आहेत.

पहिल्या दिवशी दुपारनंतर: गावठाण

तीन-साडेतीनला रविवार कारंजावरून सुरुवात करा. इथून पुढे वाहन विसरा. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय, म्हणून गल्ल्या सारख्या चढतात आणि उतरतात. नदीकाठची मातीची गढी हीसुद्धा अशीच एक टेकडी. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि या जागेवरची वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली. आज गढीच्या कडेवर घरं आहेत आणि पावसाळ्यात माती ढासळते. खालच्या रस्त्यावरून बघा, वर चढू नका.

मोगलांच्या काळात शहराचं नाव गुलशनाबाद होतं. पेशव्यांच्या हाती गाव आल्यावर पुन्हा नाशिक झालं आणि घाट, देवळं, वाडे यांचा धडाका सुरू झाला. त्या काळाची सगळ्यात ठसठशीत खूण म्हणजे सराफ बाजारातला सरकारवाडा. मेनरोडवरून सराफ बाजारात शिरा, सोन्या-चांदीच्या दुकानांच्या गर्दीत तो अचानक समोर येतो. दर्शनी सागवानी खांब आणि त्यांवरचं कोरीव काम खाली उभं राहून बघा, मान वर करून. आत जाता आलं तर जा, वेळ आधी विचारून घ्या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक. या वाचनालयाचं बिऱ्हाडही कधीकाळी सरकारवाड्यात होतं.

सराफ बाजार आणि दहीपूल हा भाग खोलगट आहे. जोराचा पाऊस झाला की इथे गुडघ्याएवढं पाणी साचतं आणि दुकानदार माल वर चढवायला धावतात. पावसाळ्यात आलात तर आभाळ बघून शिरा.

तिथून भांडीबाजार आणि तांबट आळीकडे वळा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. हंडे, घंगाळी, बंब, पातेली दुकानांबाहेर रचलेली दिसतात. मठारण्याची ठकठक आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही, पण विचारत गेलात तर एखादा कारागीर बैठक मारून बसलेला सापडतो. घ्यायचं असेल तर भाव वजनावर ठरतो, पातळ पत्र्याचं भांडं हातात घेताच कळतं. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून मिळते का ते तिथेच विचारा.

तिवंधा चौकात पोचलात की पायाखाली बघा. तिथे काहीच दिसणार नाही, पण तुम्ही एका रहाडीवर उभे असाल. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी बांधणीचा हौद, पेशवेकाळापासून चालत आलेला. वर्षभर तो झाकून बुजवलेला असतो आणि वरून स्कूटरी जातात. रंगपंचमीला उकरतात, पूजा करतात, फुलांचा आणि झाडपाल्याचा रंग उकळून भरतात आणि मग पोरं धप्पकन उड्या मारतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक या ठिकाणच्या रहाडी नावाजलेल्या, प्रत्येकीचा रंग ठरलेला. बाकीच्या महाराष्ट्राची रंगांची धूळवड इथे रंगपंचमीला होते. धुळवडीच्या दिवशी इथे वीरांची मिरवणूक असते. जमलं तर रंगपंचमीलाच या, पण मग पांढरे कपडे टाकून देण्याच्या तयारीने.

गल्ल्यांमधले वाडे खासगी आहेत, हे विसरू नका. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून थेट चौकात शिरून फोटो काढू नका. ‘काका, आत बघू का?’ असं विचारलंत तर बहुतेक वेळा आतून चहाही येतो. आणि मोडकळीला आलेल्या वाड्याच्या भिंतीला लागून पावसात थांबू नका. दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळतोच.

याच गल्ल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं वातावरण पाहिलंय. सावरकर बंधूंच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेचं 1904 मध्ये अभिनव भारत झालं, आणि तिळभांडेश्वर लेनमध्ये त्याची वास्तू आहे. 1909 साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे याने गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जॅक्सन स्वतः संस्कृतचा अभ्यासक होता, हा या प्रकरणातला चमत्कारिक भाग.

दिवस मावळायच्या आत नेहरू चौकाच्या बाजूने घाटावर उतरा. वाटेत पिंपळपार लागेल, दिवाळी पाडव्याच्या पहाटे इथे गाण्याची मैफल असते. घाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं देऊळ आहे. बागलाणचे मामलेदार असताना त्यांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांत वाटून टाकला. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ बांधलं जाणं ही काही रोजची गोष्ट नाही. तिथेच पायऱ्यांवर टेका. बुधवार असेल तर घाटावर मोठा बाजार भरलेला असतो, भाजी, धान्य, सुपं, टोपल्या. त्या दिवशी बसायला जागा मिळणार नाही, पण बाजार बघण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी: नदी आणि पंचवटी

पहाटे सहाला होळकर पुलाच्या टोकाशी या. इंग्रजांच्या काळात याला व्हिक्टोरिया पूल म्हणत. गावठाणाच्या बाजूला, पुलाला लागूनच सुंदरनारायणाचं देऊळ आहे, 1756 साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. 21 मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात, अशी त्याची रचना. दुरुस्तीचं काम इथे बरीच वर्षं चाललंय, तेव्हा परांच्या आणि पत्रे आड आले तर नवल नाही.

पूल ओलांडून रामकुंडावर उतरा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीतून निघालेली गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. अस्थिविसर्जनाला देशभरातून लोक येतात. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. विधी करायचे नसतील तर ‘नाही, फक्त दर्शनाला आलोय’ एवढं नीट सांगून पुढे व्हा, पुरोहितांचा घोळका आपोआप पांगतो. करायचे असतील तर पाण्यात पाय टाकण्याआधी दक्षिणा ठरवून घ्या.

एक गोष्ट मात्र जरूर करा. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यात्रेकरूंची नावं, गाव, तारीख, कधी कधी पणजोबांची मोडीतली सही. आडनाव आणि मूळ गाव (सध्याचं नव्हे, मूळ) सांगून आपल्या गावाचे उपाध्ये कोण ते विचारा. ते वही शोधतात. सापडली तर आपलं नाव लिहून मगच उठा.

रामकुंडाच्या वर कपालेश्वर. शंकराच्या देवळासमोर नंदी असतोच, इथे नाही. ब्रह्महत्येचं पातक इथे कसं फिटेल हे नंदीने महादेवाला सांगितलं, म्हणून तो इथे गुरू, अशी कथा सांगतात.

आता नदीच्या कडेकडेने खाली चाला. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांचं पूरमापक. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की लोक बघायला येतात, छातीला लागलं की दुकानं रिकामी करतात. सप्टेंबर 2008, ऑगस्ट 2016, ऑगस्ट 2019 या पुरांत मारुती दिसेनासा झाला होता. त्याच्याजवळच नारोशंकराचं देऊळ, 1747 सालचं. बांधणारे नारोशंकर राजेबहाद्दर, ज्यांनी झाशीची सुभेदारीही केली आणि मालेगावचा किल्लाही बांधला. कोटासारख्या भिंतीवर, नदीकडे तोंड करून, मोठी घंटा टांगलेली आहे. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण, पोर्तुगीज घडणीची. देऊळ बाहेरून सावकाश बघा. शिखरावरची चित्रं, प्राणी, नक्षी यांत घाई करण्यासारखं काही नाही. माझ्या मते पंचवटीतलं सर्वांत देखणं देऊळ हे, काळाराम नव्हे.

काळारामला मात्र वेगळ्या कारणासाठी जायचं. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दगडात बांधलेलं हे मोठं देऊळ, दगड रामशेजच्या बाजूचा. आत दर्शन घ्या, सभामंडपात बसा, भोवतीच्या ओवऱ्या बघा. मग बाहेर येऊन चारही दरवाजे एकदा फिरून पाहा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच दरवाजांवर. दरवाजे बंद केले गेले आणि सत्याग्रहींच्या तुकड्या बाहेर ठाण मांडून बसल्या. त्या रामनवमीला रथ सवर्ण आणि सत्याग्रही दोघांनी मिळून ओढायचा समझोता झाला, तो मोडला, दगडफेक झाली. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी लढा पुढे 1934 पर्यंत चालवला. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. नाशिकला येऊन ही गोष्ट न ऐकता परत जाणं मला पटत नाही. बरोबर मुलं असतील तर दरवाजापाशी उभं राहूनच सांगा.

चैत्रात कामदा एकादशीला राम आणि गरुड असे दोन रथ निघतात. दोरखंडाने ओढलेले लाकडी रथ पंचवटीच्या अरुंद वळणांवर कसे फिरवतात ते बघण्यासारखं असतं.

सीतागुंफा जवळच आहे, समोर पाच वडांवर आकडे लावलेले दिसतील. गुंफेत ओणवं होऊन जावं लागतं. गुडघे दुखत असतील, दमा असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. रांग लांब असेल तर मीही तेच करते.

तपोवनात गोदावरी-कपिलेचा संगम आणि लक्ष्मणाचं मंदिर आहे. शूर्पणखेचं नाक इथे कापलं अशी श्रद्धा. सिंहस्थात साधुग्राम इथेच बसतं. वैष्णव आखाडे नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकला, ही वाटणी पेशव्यांच्या काळातल्या भांडणानंतरची. एरवी तपोवनाला रिक्षाने अर्धा तास पुष्कळ झाला.

तिसरा दिवस हाताशी असेल तर

दोनपैकी एकच दिशा धरा. त्र्यंबकेश्वरला जाणार असाल तर वाटेत अंजनेरीचं नाणेसंग्रहालय सोडू नका, 10 आणि 3 नंबरची लेणी पाहून आलेल्याला तिथे खरी मजा येते. त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेसाठी अर्धा दिवस हातचा ठेवा. दुसरी दिशा सिन्नरची. तिथलं यादवकालीन गोंदेश्वर पंचायतन (मुख्य देऊळ आणि भोवती चार लहान देवळं) शांत, प्रशस्त, आणि रांग नसलेलं. माझी शिफारस सिन्नर. सीबीएसवरून एसटी सुटत असतात. सकाळची धरलीत तर दुपारच्या जेवणापर्यंत परत नाशिकला पोचाल.